शाळेपुढचा रस्ता आणि ३० चा फलक : एका नगरपरिषद हद्दीतील वेगमर्यादा बदलाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातले तालुक्याचे गाव. ओळख पटू नये म्हणून नाव गाळले आहे. अंतरे आणि मोजणीचे आकडे बदलून, पूर्णांकात दिले आहेत.

गावातून जुना राज्यमार्ग जातो. हद्दीतली लांबी २.४ किलोमीटर. एका टोकाला फाटा, दुसऱ्या टोकाला नदीवरचा पूल. मध्ये एसटी स्टँड, माध्यमिक शाळा, भाजी मंडई आणि दोन मंगल कार्यालये. बाह्यवळण रस्ता सुरू झाला तशी ट्रक-कंटेनरची वर्दळ गावाबाहेर गेली. आता रस्ता निवांत होईल असे गावाला वाटले होते. पण वाहने कमी झाल्यामुळे उरलेल्यांना मोकळी वाट मिळाली आणि वेग वाढला. पुढच्या वर्षी रस्त्याचे नव्याने डांबरीकरण झाले. मूळ रस्ता सात मीटर रुंद होता. या कामात दोन्ही बाजूंच्या साईडपट्ट्याही डांबराखाली घेतल्या गेल्या आणि रुंदी दहा मीटर झाली. मधली पट्टी, कडेच्या रेषा, झेब्रा यांपैकी काहीच आखले गेले नाही, कारण रंगकामाची बाब अंदाजपत्रकात वेगळी होती आणि तिला निधी मिळाला नव्हता. समोर सरळ, रुंद, काळा कुळकुळीत पट्टा दिसला की चालकाचा पाय आपोआप दाबला जातो. त्यासाठी चालक बेफिकीरच असावा लागतो असे नाही.

डांबरीकरणानंतरच्या आठ महिन्यांत शाळेच्या आसपास दोन गंभीर अपघात झाले. एकात सायकलवरची विद्यार्थिनी जखमी झाली, दुसऱ्यात मंडईतून पिशवी घेऊन रस्ता ओलांडणारे वृद्ध गृहस्थ दगावले. पालक आणि भाजी विक्रेते नगरपरिषदेवर गेले. सर्वसाधारण सभेने त्याच आठवड्यात ठराव केला : संपूर्ण रस्त्यावर ताशी २० किलोमीटरची मर्यादा आणि दहा गतिरोधक.

अडचण नेमकी कुठे होती

ठराव झाला, पण तो अमलात आणण्याचा अधिकार सभेकडे नव्हता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२(२) नुसार एखाद्या रस्त्यावर कमाल वेग ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या प्राधिकाऱ्याला आहे. पोलीस आयुक्तालयाच्या शहरात असे आदेश वाहतूक शाखेच्या उपायुक्तांच्या सहीने निघतात, आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात ते साधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांकडून निघतात. नगरपरिषद मागणी करू शकते, रस्ता तिच्या ताब्यातला असेल तर त्याचा आकार बदलू शकते, फलकांचा खर्च उचलू शकते. आकडा मात्र ती ठरवू शकत नाही.

त्याच पोटकलमात दोन अटी आहेत. मर्यादा राजपत्रात अधिसूचित झाली पाहिजे, आणि कलम ११६ खालचे फलक योग्य जागी उभे राहिले पाहिजेत. दोन्हींपैकी एक नसेल तर मर्यादा अपुरी राहते. या रस्त्यावर आधीपासून निळ्या पाट्या होत्या : 'सावकाश जा, वेग २०', खाली पाटी देणाऱ्या दुकानाचे नाव. त्यांच्यामागे कोणताही आदेश नव्हता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तिथे केंद्राची सर्वसाधारण मर्यादाच लागू होती. एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ७०, दुचाकीला ६० आणि तीनचाकीला ५० असे आकडे आहेत. शाळेच्या फाटकासमोरून साठने जाणारा मोटारचालक नियम मोडत नव्हता. सभेत हे सांगितले गेले तेव्हा अनेकांना धक्का बसला, आणि बसायलाच हवा होता.

दुसरी अडचण मालकीची. बाह्यवळण झाल्यावर जुना रस्ता नगरपरिषदेकडे वर्ग करायचे ठरले होते. स्टँडपासून पुलापर्यंतचा १.६ किलोमीटरचा भाग वर्ग झाला होता. फाटा ते स्टँड हा ०.८ किलोमीटरचा भाग सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नोंदवहीतच राहिला होता, कारण हस्तांतरणापूर्वी करायची गटारदुरुस्ती झालेली नव्हती. प्रत्यक्ष रस्त्यावर ही सीमा कोणालाच दिसत नाही. पण ना हरकत कोणाची घ्यायची आणि गतिरोधक करायचे कोणी, हे तिच्यावरच ठरते. नगर अभियंत्यांनी पहिला पत्रव्यवहार संपूर्ण २.४ किलोमीटर आपलेच आहेत असे धरून केला. तो तीन आठवड्यांनी परत आला.

आधी मोजणी

प्रस्ताव जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे न्यायचा तर 'गाड्या फार जोरात जातात' एवढ्यावर भागत नाही. वाहतूक शाखेकडून स्पीड गन मागवून तीन ठिकाणी मोजणी झाली : शाळा, मंडई आणि पुलाकडचा सरळ भाग.

पहिली मोजणी वाया गेली. गणवेशातला कर्मचारी रस्त्याच्या कडेला गन धरून उभा राहिला. गाड्या शंभर मीटर आधीच मंदावू लागल्या आणि शाळेजवळ पंच्याऐंशी पर्सेंटाइल वेग ४४ निघाला. हा आकडा म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्याच्या आत आहेत असा वेग. ४४ पाहून बैठकीत कोणीतरी म्हणालेही की मग अडचण काय आहे.

दुसऱ्यांदा मोजणी साध्या कपड्यांत, उभ्या केलेल्या खासगी गाडीतून झाली. या वेळी चार गोष्टी पाळल्या. दिवस कोरडा आणि आठवडी बाजाराचा नसलेला. वेळ सकाळी साडेदहा ते बारा आणि दुपारी तीन ते साडेचार, म्हणजे गर्दीमुळे वेग बांधला जाणार नाही अशी. पुढच्या गाडीपासून किमान चार सेकंद अंतर ठेवून चालणाऱ्या मोकळ्या गाड्याच मोजल्या. एसटीमागे अडकलेली दुचाकी स्वतःचा वेग दाखवत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी १०० पेक्षा जास्त वाहने घेतली. गन रस्त्याच्या दिशेशी जितकी कमी तिरपी, तितके बरे. कोन २० अंशांचा झाला तर आकडा सुमारे ६ टक्क्यांनी कमी येतो, साठची गाडी छप्पन्नची दिसते. त्यामुळे गाडी कडेला पण लांबवर उभी केली होती.

या वेळचे निकाल असे आले : शाळेजवळ सरासरी ४६, पंच्याऐंशी पर्सेंटाइल ५७. मंडईजवळ ३९ आणि ४७. पुलाकडे ५४ आणि ६६.

गन मिळत नसेल तर रस्त्यावर ५० मीटरवर दोन खडूच्या रेषा आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच यांवरही काम भागते. ५० मीटर ३ सेकंदांत पार झाले तर वेग ६०, ३.६ सेकंदांत ५०, ६ सेकंदांत ३०. मात्र बोट ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले की साठचे छप्पन्न किंवा चौसष्ट होतात. म्हणून ही पद्धत सरासरीचा अंदाज घेण्यापुरती. तिच्यावर कोणाला दंड करता येत नाही. कलम १८३ मध्येच तशी तरतूद आहे : एका साक्षीदाराच्या अंदाजावर दोषी धरता येत नाही, तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणावर आधारलेला असावा लागतो.

पर्याय आणि त्यांवरची चर्चा

संयुक्त पाहणीला नगर अभियंता, बांधकाम विभागाचे शाखा अभियंता, मोटार वाहन निरीक्षक आणि वाहतूक पोलीस अधिकारी असे चौघे होते. आधी समितीच्या कार्यालयाकडून एक आक्षेप आला : हा ब्लॅक स्पॉट नाही, मग प्राधान्य का द्यायचे? आक्षेप नियमाला धरून होता. केंद्राच्या व्याख्येनुसार सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा अपघातांत दहा मृत्यू झाले तर तो ब्लॅक स्पॉट. इथे तेवढे झाले नव्हते. पण ती व्याख्या दुरुस्तीच्या निधीचा क्रम लावण्यासाठी आहे. कलम ११२(२) मध्ये मृत्यूंची अशी कोणतीही संख्या दिलेली नाही. तिथले शब्द आहेत सार्वजनिक सुरक्षितता, सोय आणि रस्त्याचे स्वरूप. प्रस्तावात हा मुद्दा स्वतंत्र परिच्छेद करून लिहिला गेला आणि आक्षेप तिथेच संपला. अशा प्रकरणांत इथेच बरेच प्रस्ताव अडकून पडतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवले आहे.

*संपूर्ण रस्त्यावर २०.* सभेचा मूळ ठराव. पुलाकडे लोक ६६ ने जातात तिथे २० चा फलक लावला तर तो कोणी पाळत नाही, आणि पुढे शाळेजवळचा खरा फलकही त्याच नजरेने पाहिला जातो. एकमताने बाजूला ठेवला.

*पंच्याऐंशी पर्सेंटाइलप्रमाणे ६०.* शाळेजवळ ५७ येतात, म्हणजे जवळचा आकडा ६०, असे एका अभियंत्याचे म्हणणे होते. पद्धत पुस्तकातली आहे, पण ती पादचारी जवळपास नसलेल्या मोकळ्या महामार्गासाठी जन्माला आली. शाळेच्या फाटकासमोर चालकांचा कल हा निकष होऊ शकत नाही. भारतीय रस्ते काँग्रेस (रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था) हिच्या प्रमाणांत सुरक्षित थांबण्याचे अंतर ३० ला ३० मीटर, ४० ला ४५, ५० ला ६० आणि ६० ला ८० मीटर धरले आहे. शाळेचे फाटक वळणावरून दिसू लागते ते साधारण ४० मीटरवरून. या एका मापाने चर्चा संपवली : त्या वळणावर ३० च्या वर काहीही बसत नाही. मोजलेल्या ५७ चा उपयोग वेगळा होता. ५७ वरून ३० वर यायचे तर फलक पुरणार नाही, रस्त्याचा आकारच बदलावा लागेल, हे त्यातून कळले.

*दहा गतिरोधक.* गावोगावी कंत्राटदार फावड्याने डांबराचा उंचवटा ओढतात, तो बहुधा एक-दीड मीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच होतो. दुचाकीवर मागे बसलेली बाई उडते, रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचे हाल होतात आणि दोन गतिरोधकांमधल्या भागात चालक उलट जोर काढतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकात गोलाकार गतिरोधकाचे माप ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटीमीटर उंची असे आहे. त्यावरून साधारण २५ च्या वेगाने सुखरूप जाता येते. योग्य मापाचा एखादा गतिरोधक कामाचा आहे, पण दहा नकोत, यावर सहमती झाली.

*शाळेच्या वेळात अवजड वाहनांना बंदी.* कलम ११५ खाली शक्य होते. पण गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या याच रस्त्याने जातात, त्या फाट्यावर रांगेत थांबल्या असत्या आणि धोका शाळेपासून फाट्यावर सरकला असता.

*कॅमेरा.* केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ नुसार उपकरणाला मंजुरीचे प्रमाणपत्र लागते, त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, कॅमेऱ्याआधी सूचनाफलक लागतात. एवढ्या रस्त्यासाठी हे परवडणारे नव्हते.

*टप्प्यांची मर्यादा.* शाळा-मंडई या ७०० मीटरमध्ये ३०, उरलेल्या १.७ किलोमीटरमध्ये ४०, आणि ३० च्या भागात रस्ता प्रत्यक्ष अरुंद करणे. हाच पर्याय निवडला गेला.

एक महिन्याची चाचणी

कलम ११२(२) ला एक परंतुक आहे : निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल तर राजपत्रातली अधिसूचना लागत नाही. याचा उपयोग करायचे ठरले. जिल्हाधिकाऱ्यांनी कारणांसह तीस दिवसांचा आदेश काढला. पक्के बांधकाम न करता रंग, ड्रम आणि लवचिक खांब वापरून रस्ता बदलायचा, मोजायचे, चुकले तर हलवायचे. ही निवड या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची होती. सिमेंटमध्ये चूक गोठली की ती फोडायला नवे अंदाजपत्रक लागते.

मध्यरेषा आणि कडेच्या रेषा थर्मोप्लास्टिकने आखून प्रत्येक मार्गिका तीन मीटरची केली. उरलेले दोन-दोन मीटर दोन्ही कडांना पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांनी वेगळे काढले आणि त्यांच्या कडेला दर दहा मीटरवर लवचिक खांब लावले. शाळेच्या दोन्ही अंगांना वाळू भरलेले ड्रम ठेवून रस्ता चिमटला. चिमटीचा अर्थ चालकाला वाचावा लागत नाही, तो दिसतो.

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी बिघडल्या. वळणाजवळच्या चिमटीत उसाची दोन ट्रॉल्यांची जोडी वळेना. पुढचा ट्रॅक्टर नीट जातो, पण मागची ट्रॉली आतल्या बाजूला ओढली जाते. सहा ड्रम आडवे झाले आणि एक फुटून वाळू रस्त्यावर पसरली. वाळूवर दुचाकी घसरते, त्यामुळे त्या रात्रीच ती झाडून काढावी लागली. चिमट वळणापासून २५ मीटर मागे सरळ भागात नेली, त्यानंतर ड्रमला धक्का लागला नाही. आराखड्याच्या कागदावर गाडी म्हणून ट्रक धरला होता. या रस्त्यावरचे सर्वांत अवघड वाहन ट्रक नव्हतेच.

दुसरी चूक फलकांची. ३० चे गोल फलक, लाल कडा आणि काळा आकडा असलेले, फक्त दोन टोकांना लावले होते. या ७०० मीटरमध्ये चौदा गल्ल्या येऊन मिळतात. गल्लीतून येणाऱ्याला फलक दिसतच नव्हता, आणि गावातले निम्मे दुचाकीस्वार गल्लीतूनच येतात. मोठ्या गल्ल्यांच्या तोंडाशी सात फलक आणि मधल्या भागात पुनरुक्तीचे चार फलक वाढवले. जुन्या निळ्या पाट्या उतरवायच्या राहिल्या होत्या, त्याही काढल्या. एकाच खांबावर २० आणि ३० दिसले तर चालक दोन्हींकडे दुर्लक्ष करतो. उत्सवाच्या कमानीने एक फलक आठवडाभर झाकला गेला. कमानीला परवानगी देताना फलकांची यादी सोबत जोडायची, अशी सूचना त्यानंतर परवाना विभागाला दिली गेली.

मधले अकरा आठवडे

सर्वांत मोठी चूक इथे झाली. चाचणी तिसाव्या दिवशी संपली. आकडे चांगले होते, सगळे खूश होते, आणि कायमच्या अधिसूचनेचा प्रस्ताव त्यानंतर तयार व्हायला लागला.

पहिला मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयाने परत केला, कारण त्यात पट्टा 'शाळेपासून मंडईपर्यंत' असा लिहिला होता. शाळेला दोन फाटके आहेत आणि मंडई सव्वाशे मीटर लांब आहे. नेमके अंतर किलोमीटर दगडापासून मीटरमध्ये, दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश, आणि मर्यादा दोन्ही दिशांना लागू आहे हे स्पष्ट लिहावे लागते. दुसरा मसुदा बांधकाम विभागाच्या ना हरकतीसाठी थांबला, कारण ४० चा काही भाग त्यांच्या ०.८ किलोमीटरमध्ये येत होता. मग हरकती-सूचनांची मुदत. मग राजपत्रात प्रसिद्धी. चाचणी संपल्यापासून अधिसूचना निघेपर्यंत अकरा आठवडे गेले.

या काळात ३० चे फलक उभेच होते. आदेश संपला आहे हे वाहतूक शाखेच्या नाक्यावरच्या कर्मचाऱ्यांना कोणी कळवले नाही. स्पीड गन लावून चलने झाली. एका टेम्पोमालकाने चलनाला हरकत घेतली आणि माहिती अधिकारात अधिसूचनेची प्रत मागितली. प्रत नव्हती. त्या काळातली चलने मागे घ्यावी लागली. दंडाच्या रकमेपेक्षा दुसरे नुकसान मोठे होते : 'तो फलक खोटा आहे' ही गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली, आणि आठ दिवसांत शाळेजवळची सरासरी पाच किलोमीटरने वर गेली.

लागोपाठ एकेक महिन्याचे आदेश काढावेत असा एक सूर होता. विधी अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. परंतुक तात्पुरत्या निर्बंधासाठी आहे. महिना संपला की नवा महिना, असे केले तर ती अधिसूचना टाळण्याची वाट होते आणि न्यायालयात टिकत नाही. शेवटी आकड्याचे फलक गोणपाटाने झाकले. रेषा, खांब आणि ड्रम तसेच ठेवले, कारण रस्ता अरुंद ठेवायला वेगमर्यादेची अधिसूचना लागत नाही. तो निर्णय बरोबर ठरला. फलक झाकलेले असतानाही शाळेजवळचा वेग पूर्वीच्या ४६ वर परत गेला नाही.

पक्के काम

अधिसूचनेची प्रत हातात आल्यावर गोणपाट काढले. त्याच दिवशी प्रतीच्या छायाप्रती वाहतूक शाखा, पोलीस ठाणे आणि मोटार वाहन निरीक्षकांकडे पोच घेऊन दिल्या. स्पीड गनचे पडताळणी प्रमाणपत्र चलन पथकाकडे ठेवले. पहिले पंधरा दिवस फक्त समज देण्यात आली, मग दंड. कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम-अवजड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

शाळेसमोर उंच पादचारी ओलांडणी बांधली : माथा चार मीटर सपाट, उंची १० सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचे उतार. माथ्यावर झेब्रा, उतारावर पांढरे त्रिकोण, आणि ४० मीटर आधी सूचनाफलक. इथेही एक गोष्ट राहिली. उंचवटा गटाराच्या कडेपासून कडेपर्यंत नेला होता. पहिल्या पावसात वरच्या अंगाला पाणी तुंबले आणि मुले पाणी चुकवायला झेब्रा सोडून खालून ओलांडू लागली. दोन्ही कडांना उंचवट्याखालून २०० मिलिमीटर व्यासाचा पाइप टाकल्यावर पाणी निघाले. आराखड्यात पातळ्या घेतल्या असत्या तर हे आधीच दिसले असते. ओलांडणीवर रस्त्याचा दिवा नव्हता, तोही मागाहून बसवला.

पुलाकडच्या भागात मात्र निधीअभावी ४० चे फलक सोडून काहीच झाले नाही.

परिणाम

अधिसूचनेनंतर तीन महिन्यांनी त्याच पद्धतीने, त्याच ठिकाणी मोजणी झाली. शाळेजवळ सरासरी ४६ वरून २९ वर आली, पंच्याऐंशी पर्सेंटाइल ५७ वरून ३६ वर. मंडईजवळ पंच्याऐंशी पर्सेंटाइल ४७ वरून ३५ वर. पुलाकडे ६६ वरून ६१. मर्यादा ४० असताना ६१. एकाच गावात, एकाच अधिसूचनेत, एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीत हा फरक आहे. एका भागात रस्ता बदलला, दुसऱ्यात फक्त खांब रोवला.

एसटीचे चालक आणि व्यापारी यांची भीती होती की वेळ वाया जाईल. ७०० मीटरला ४६ च्या सरासरीने ५५ सेकंद लागत होते, २९ ने ८७ लागतात. फरक सुमारे अर्ध्या मिनिटाचा. हा हिशेब सुरुवातीलाच स्टँडवर लावला असता तर दोन बैठका वाचल्या असत्या.

या काळात ३० च्या पट्ट्यात गंभीर अपघात झाला नाही, पण तीन महिन्यांवरून काही म्हणणे घाईचे होईल. इतक्या लहान पट्ट्यात अपघात मुळात विरळ असतात. निदान तीन वर्षांची नोंद हवी. तोवर विश्वास ठेवायचा तो वेगाच्या आकड्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, म्हणून सरासरीतली घट ही स्वतःच मोजण्याजोगी कमाई आहे.

काय वेगळे करता आले असते

चाचणीचा आदेश निघण्यापूर्वी कायमच्या अधिसूचनेचा मसुदा, अंतराच्या मापांसह आणि ना हरकतीसह, तयार असायला हवा होता. महिना हा मोजणीसाठी आहे, पत्रव्यवहारासाठी नाही. हरकती-सूचना चाचणी चालू असतानाच मागवल्या असत्या तर लोकांनी रस्ता प्रत्यक्ष पाहून मत दिले असते आणि अकरा आठवड्यांचे दोन-तीन झाले असते.

चाचणीच्या आदेशावर समाप्तीची तारीख होती, पण त्या तारखेला फलक कोणी झाकायचे हे लिहिलेले नव्हते. एक नाव आणि एक तारीख एवढीच ओळ कमी पडली.

मालकीची नोंद पहिल्याच दिवशी दोन्ही कार्यालयांच्या रस्ता नोंदवह्या समोरासमोर ठेवून पाहायला हवी होती.

डांबरीकरणाच्या अंदाजपत्रकात रेषा आखण्याची बाब वेगळी काढू देणे ही मुळातली चूक. रेषांविना दहा मीटर डांबर उघडे सोडले तेव्हाच वेग वाढणार हे ठरले होते. नगरपरिषदेने आता प्रशासकीय मान्यतेच्या टिपणीत तशी अट घातली आहे : रेषा आणि फलक डांबराच्याच कामात, नाहीतर अंतिम देयक नाही.

आणि ४० चा पट्टा. तो फलकांपुरता अधिसूचित करायचा की रस्त्याच्या कामाचा निधी येईपर्यंत थांबायचे, यावर संयुक्त पाहणीत मतभेद होते. पोलिसांना तो लगेच हवा होता, कारण ७० वरून थेट ३० वर आणणे अवघड. अभियंत्यांना थांबायचे होते. ६१ चा आकडा पाहता अभियंत्यांचे म्हणणे जड वाटते. पण मधला टप्पाच नसता तर शाळेच्या चिमटीत गाड्या आणखी जोरात शिरल्या असत्या, हेही खरे. पुलाकडच्या भागात मध्यभागी अरुंद दुभाजक आणि गावाच्या तोंडाशी कमानीसारखी चिमट असा आराखडा जिल्हा नियोजन समितीकडे गेला आहे. मंजुरी येईपर्यंत तिथे दर तीन महिन्यांनी, गाडीत बसून, साध्या कपड्यांत मोजणी चालू आहे.